रॉकस्टारच्या मंडळींना खुलं पत्र: तारीख राहू द्या, आधी गेम दाखवा

सांगली, नोव्हेंबर २०२५

जीटीए ही गेम बनवणाऱ्या रॉकस्टार गेम्समधल्या सगळ्या मंडळींना आणि रॉकस्टारची मालक कंपनी असलेल्या टेक-टूच्या प्रमुख झेलनिक साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

७ नोव्हेंबरला सकाळी उठलो, फोन हातात घेतला तर आमच्या ग्रुपवर सदतीस मेसेज पडलेले. पहिला पहाटे पावणेतीनचा, सच्याचा, मस्कतहून. दोनच शब्द, "परत ढकलली". काय ढकलली ते लिहायची गरजच नव्हती, पाचही जणांना कळलं. तुमची नवी गेम जीटीए ६, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो ६, आता २६ मे २०२६ ला नाही, १९ नोव्हेंबर २०२६ ला येणार. त्याआधी ती २०२५ ला येणार होती, मग २०२५ च्या शेवटी शेवटी येणार होती, मग मे महिन्यात. सच्याने मे महिन्याची रजा आधीच मंजूर करून घेतली होती, तिकडं उन्हाळ्यात एसीची कामं तुंबलेली असतात आणि अशा वेळी रजा मिळवायला किती लोकांच्या पाया पडावं लागतं ते त्यालाच माहीत. पुण्यातल्या अम्याने २०२४ च्या दिवाळीत फक्त या गेमसाठी पीएस५, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल, घेतला, ५४,९९० रुपयांचा, बारा हप्त्यांवर. ट्रेलरमध्ये २०२५ लिहिलंय म्हणजे वर्षभरात हप्तेही फिटतील आणि गेमही येईल असा त्याचा साधा हिशोब होता. हप्ते ऑक्टोबरात फिटले.

हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाहीये, कुणी रजा टाका, हप्ते काढा असं तुम्ही सांगितलं नव्हतं. पण तुम्ही जी तारीख देता ती इकडं हजारो मैलांवर कुणाच्या तरी कॅलेंडरवर पेनाने लिहिली जाते एवढं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितोय.

आधी आम्ही कोण ते सांगतो. २००५ साल, आम्ही आठवीत. एसटी स्टँडच्या मागं एक नेट कॅफे होता, सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, आत सहा खुर्च्या आणि पोरं वीस, म्हणजे एक खेळणार आणि तिघं मागं उभं राहून डोकं लावणार. तिथल्या सगळ्या मशीनवर एकच गेम कायम असायची, तुमच्या जीटीए मालिकेतली व्हाइस सिटी. सीडी ओरिजिनल नव्हती, तुम्हालाच पत्र लिहिताना ते कशाला लपवू. त्या काळात आमच्या गावात ओरिजिनल गेम कुठं मिळते हे आम्हालाच काय, कॅफेवाल्या दादालाही ठाऊक नव्हतं. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असायचे, पॅन्झर म्हटलं की रणगाडा, ॲस्पिरीन म्हटलं की तब्येत ठणठणीत, लीव्हमीअलोन म्हटलं की पोलिस गायब, आणि इंग्रजीच्या पेपरात स्पेलिंग चुकवणारी आमची पोरं हे कोड मात्र डोळे मिटून टाइप करायची.

आणि ते खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन! बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये चार बॉम्ब ठेवायचे, वेळ मोजून, आत कामगार हाणायला टपलेले, आणि हेलिकॉप्टर उडवायला डाव्या हाताला वेगळी बटणं, उजव्या हाताला नंबरपॅड. एकट्याला जमायचंच नाही. मग आम्ही असं करायचो की एका खुर्चीवर दोघं बसायचे, सच्या डब्ल्यू आणि एस सांभाळायचा म्हणजे वर-खाली त्याच्याकडं, आणि नंबरपॅड माझ्याकडं म्हणजे पुढं-मागं माझ्याकडं, नंबरपॅडचं आठचं बटण घासून पार गुळगुळीत झालं होतं, आणि बाकीचे मागनं ओरडणार, डावीकडं रे, जिना, जिना! शेवटचा बॉम्ब ठेवला त्या दिवशी अख्खा कॅफे उठून उभा राहिला होता. मी आज चौतीस वर्षांचा आहे, संसार आहे, नोकरी आहे, पण सच्याची आणि माझी दोस्ती नक्की कधी झाली असं कुणी विचारलं तर मी तो जिनाच सांगतो.

अजून एक गोष्ट सांगायचीय, कारण माझा पुढचा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. आमच्या त्या सीडीत रेडिओ नव्हता. साइज कमी करायला गाणी काढून टाकलेली, रिप व्हर्जन म्हणायचे त्याला. म्हणजे आम्ही दोन-तीन वर्षं त्या शहरात फिरलो ते फक्त इंजिनाचा आवाज ऐकत. नोकरी लागल्यावर एका सेलमध्ये मी ओरिजिनल व्हाइस सिटी विकत घेतली, रात्री मुद्दाम सगळे झोपल्यावर लावली, हॉटेलमधनं बाहेर आलो, समोरच्या गाडीत बसलो आणि रेडिओ लागला. गाडी सुरूच केली नाही मी. तशीच रस्त्याच्या कडेला ठेवून बसून राहिलो, समोर पाम झाडं, गुलाबी उजेड, आणि निवेदक बोलतोय, गाणी लागतायत, मध्ये जाहिराती लागतायत. ज्या शहराची गल्लीन् गल्ली पाठ होती त्याला आवाज होता हे मला दहा वर्षांनी कळलं. गेमसाठी एवढी मेहनत कुणी घेतलेली असते, कुणीतरी बसून त्या खोट्या रेडिओची खोटी जाहिरात लिहिलेली असते, हे त्या रात्री कळलं. तेव्हापासून तुमची एकही गेम मी फुकटात घेतलेली नाही.

तर हे पत्र लिहिणारा माणूस तुमच्यावर जळणारा नाही.

आता उशिराचं बोलू. माझी तक्रार उशीर झाला ही नाहीच, हे पहिल्यांदा नीट समजून घ्या, कारण तारीख हलवतानाची तुमची दोन्ही निवेदनं वाचताना असं वाटतं की तुम्हाला वाटतंय पोरं थांबायला कंटाळलीत. जीटीए ४ सुद्धा ऑक्टोबर २००७ ची एप्रिल २००८ वर गेली होती. जीटीए ५ तुम्ही २०१३ च्या उन्हाळ्याआधी देणार होतात, ती १७ सप्टेंबरला आली आणि तीन दिवसांत एक अब्ज डॉलरचा धंदा केला. तुमचीच दुसरी गेम रेड डेड रिडेम्पशन २ तर दोनदा पुढं गेली, २०१७ ची २०१८, आणि २०१८ मध्येही पुन्हा पुढं, शेवटी २६ ऑक्टोबर. आणि आली ती काय गेम आली! बर्फातनं चालताना मागं राहणारा माग, चिखलात बरबटलेले कपडे, दाढी वाढत जाणारा तिचा नायक आर्थर. ती खेळल्यावर उशीर कुणाच्या लक्षातही राहिला नाही. त्यामुळं ग्रुपवर जेव्हा कुणी म्हणतं की रॉकस्टार उशीर करते पण सोनं देते, तेव्हा मला ते खोडून काढता येत नाही. २०१८ पर्यंतचं रेकॉर्ड खरंच तसं आहे.

पण २०१८ नंतर काय? माझ्या मनात शंका तिथं शिरलीय, आणि ती मी साध्या भाषेत मांडतो.

२०२१ मध्ये तुम्ही जुन्या तीन गेमचा नवा संच काढलात, जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास. डेफिनिटिव्ह एडिशन. नावातच तुम्ही म्हटलं होतं की हे शेवटचं, अस्सल, यापुढं बोलायचं काम नाही. ११ नोव्हेंबरला ती आली आणि पाऊस असा की पांढऱ्या दोऱ्यांचा पडदा डोळ्यासमोर लावावा तसा, समोरची गाडी दिसेना. माणसांचे चेहरे फुगलेल्या बाहुल्यांसारखे. सॅन अँड्रियासमध्ये पूर्वी धुकं होतं, ते धुकं काढून टाकलं, तर चिलियाड डोंगरावर उभं राहिलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा नकाशा एका नजरेत दिसायला लागला आणि ते लांबच लांब पसरलेलं राज्य एकदम एवढंसं होऊन गेलं. ते धुकं जुन्या पीएस२ ची मर्यादा होती खरी, पण ज्यांनी ती गेम बनवली त्यांनी त्या धुक्यातनंच अंतर उभं केलं होतं.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट फार बारीक आहे. टफ नट नावाचं डोनटचं दुकान आहे गेममध्ये, आणि त्याच्या पाटीवर मोठ्ठा लोखंडी नट होता, सहा कोपऱ्यांचा, बोल्टवर बसवतो तसा. नट म्हणजे तो नट, असा तो शब्दाचा खेळ. नव्या आवृत्तीत सगळ्या आकारांचे कोपरे गोलसर केले त्यात त्या नटाचेही कोपरे गेले आणि तो नुसता गोल कडं होऊन बसला. म्हणजे ते काम करताना कुणी थांबून पाटी वाचलीच नाही. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी बसून तो नट काढला होता, जसा कुणीतरी तो रेडिओ लिहिला होता. तो माणूस काय म्हणत होता हे पुढच्या माणसाला कळलं नाही, आणि त्या दोघांच्या मध्ये उभं राहून तपासणारं तुमच्याकडनं कुणी नव्हतं. काम बाहेरच्या स्टुडिओला दिलं होतं हे माहीत आहे, पण डब्यावर नाव तुमचं होतं, आणि ती यायच्या आधी जुन्या मूळ गेम तुम्ही दुकानातनं काढून टाकल्या होत्या. आठवड्याभरात तुम्हाला जाहीर माफी मागावी लागली, जुन्या आवृत्त्या परत विकायला ठेवतो म्हणून सांगावं लागलं. त्या माफीची तारीख आठवते का? १९ नोव्हेंबर २०२१. पाच वर्षांनी त्याच दिवशी तुम्ही जीटीए ६ देणार म्हणताय. योगायोगच आहे, पण आमच्यासारख्यांच्या डोक्यातनं तो जात नाही.

तेव्हा तुम्ही म्हणता की फिनिशिंगसाठी अजून काही महिने हवेत, खेळणारे ज्या दर्जाची अपेक्षा करतात तो द्यायचाय, तर मी ते वाचतो आणि मला तो नट दिसतो. त्याला मी काय करू.

दुसरी शंका पैशाची. जीटीए ५ आली तेव्हा मी कॉलेज संपवून काम शोधत होतो. तीच गेम पीएस३ वर आली, मग पीएस४ वर, मग पीसीवर, मग २०२२ मध्ये पीएस५ वर, आणि बावीस कोटींच्या वर प्रती खपल्या. बारा वर्षं. या बारा वर्षांत तिच्या तीन नायकांच्या, मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हरच्या, गोष्टीला पुढचा एक भाग, एक छोटं कथानक तुम्ही जोडलं नाही. जीटीए ४ ला दोन मोठे भाग दिले होते, दोन्ही अप्रतिम, बायकर टोळीचा आणि क्लबवाल्याचा. ५ ला काही नाही, सगळं जीटीए ऑनलाइनमध्ये, म्हणजे इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये, गेलं. ऑनलाइन खेळणाऱ्यांना नावं ठेवत नाही, माझा भाचा तेच खेळतो, त्याला त्यात मजा येते. पण शार्क कार्ड, म्हणजे ऑनलाइनमधले खोटे पैसे खऱ्या पैशाने घ्यायची कार्डं, विकून जर दरवर्षी घर भरत असेल तर एकट्याने बसून गोष्ट खेळणाऱ्या माणसासाठी कोण कशाला जीव तोडेल, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर तुमच्या कुठल्याच निवेदनात मिळत नाही. ट्रेलरमध्ये जीटीए ६ चे नायक-नायिका जेसन आणि लुसिया दाखवलेत, दोघांची ओढ दाखवलीय, ती तुरुंगातनं बाहेर आलीय, तो तिची वाट बघत होता. मला त्यांची गोष्ट हवीय, पूर्ण, शेवटापर्यंत लिहिलेली. ऑनलाइनच्या दारात उभी केलेली वीस तासांची ओळख नको.

आणि बोलण्यातला फरक. पहिला ट्रेलर आला डिसेंबर २०२३ ला, तोही ट्विटरवर फुटला म्हणून ठरल्यापेक्षा आधी सोडावा लागला, एका दिवसात नऊ कोटींवर लोकांनी बघितला. त्यानंतर सतरा महिने काही नाही. एक फोटो नाही. या सतरा महिन्यांत लोकांनी चंद्र मोजला. खरंच मोजला, तुमच्या ऑनलाइनच्या जाहिरातीतल्या चित्रात चंद्र कितवीचा आहे त्यावरनं ट्रेलरची तारीख काढत बसले होते लोक, त्यात चांगली शिकलेली माणसं होती. बाहेरनं बघणारे हसायचे. मला हसू आलं नाही, तहानलेल्या माणसासारखं वाटलं ते. आणि त्याच काळात झेलनिक साहेब, तुम्ही दर तिमाहीला गुंतवणूकदारांसमोर आणि मुलाखतींमध्ये सांगत होतात की तारखेबद्दल आम्हाला खात्री आहे. २०२५ च्या शेवटाबद्दल सांगितलंत, तारीख हलली. मग ऑगस्टमध्ये २६ मेबद्दल सांगितलंत, अगदी ठाम आहोत म्हणून, तीन महिन्यांत तीही हलली. आणि हलवल्याची बातमी कधी, तर तिमाहीच्या निकालाच्या दिवशी. आमच्याशी बोलायला सतरा महिने सुचत नाही आणि शेअरवाल्यांशी बोलायचं कॅलेंडर ठरलेलं असतं, तर मग तारीख नेमकी कुणासाठी असते?

मी इथं एका गॅरेजच्या ऑफिसात काम करतो. गाडी शनिवारी देतो असं गिऱ्हाइकाला सांगितलं आणि पार्ट आला नाही तर आमचे मालक गुरुवारीच फोन करायला लावतात, आणि गिऱ्हाईक आलंच तर उघडलेलं इंजिन दाखवतात, बघा इथपर्यंत झालंय, हे राहिलंय. माणूस चिडतो पण परत आमच्याकडंच येतो. तुम्ही उघडलेलं इंजिन कधी दाखवतच नाही. २०२२ मध्ये कुणीतरी चोरून नव्वदेक क्लिप बाहेर काढल्या, ते वाईटच झालं, अर्धवट काम असं चव्हाट्यावर आल्यावर बनवणाऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करू शकतो. पण आजच्या घडीला जगात या गेमचं चालू खेळताना दिसलेलं रूप म्हणजे तो चोरीचा माल आणि मोजून कापलेले दोन ट्रेलर. दुसरा ट्रेलर पीएस५ वरच घेतलाय, निम्मा गेमप्ले आहे असं तुम्ही सांगितलंत, पण कुठला निम्मा ते आम्ही ओळखायचं का?

सायबरपंक या दुसऱ्या कंपनीच्या गेमचं काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. एप्रिल २०२० ची सप्टेंबर, सप्टेंबरची १९ नोव्हेंबर, ती तारीख इथंही आहेच, आणि नोव्हेंबरची १० डिसेंबर, तेही गेम पूर्ण झाली म्हणून घोषणा केल्यानंतर. आली तेव्हा जुन्या पीएस४ वर चालेना, आठवड्याभरात सोनीने स्वतःच्या दुकानातनं काढली. पुढं त्यांनी तीन वर्षं घासून ती खरोखर चांगली केली, आज ती माझ्या आवडत्या गेमपैकी आहे. पण यायच्या आधी साध्या कन्सोलवरची खेळाची क्लिप कुणी धड बघितलेलीच नव्हती, आणि तरी लाखो लोकांनी पैसे आधी भरले होते. त्यातलं एक नाव अम्याचं होतं. म्हणून मला ट्रेलरमधल्या सुंदर समुद्रकिनाऱ्याने भुरळ पडत नाही, मला एक्सबॉक्स सिरीज एस या कमी ताकदीच्या कन्सोलवर भर ट्रॅफिकमध्ये पाऊस पडताना काय होतं ते बघायचंय.

आता पीसीचं. इथं मी जरा जास्त वेळ घेणार कारण आमच्याकडं गेमिंग म्हणजे मुळात पीसी आणि आता मोबाइल. कन्सोल असलेली घरं आमच्या ओळखीत बोटावर मोजण्याइतकी. पीएस५ सुद्धा भारतात फेब्रुवारी २०२१ ला आला, बाकी जगात येऊन अडीच-तीन महिने झाल्यावर. तुमच्या गेमशी आमची ओळख त्या कॅफेतल्या पीसीवर झाली, आणि तुम्ही जीटीए ६ साठी फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस एवढंच जाहीर केलंय. पीसीबद्दल हो नाही की नाही नाही. मागचा हिशोब काढला तर जीटीए ४ ला पीसीवर यायला सात महिने लागले, ५ ला एकोणीस, तीही दोनदा पुढं ढकलून, रेड डेड २ ला वर्ष. तोच हिशोब लावला तर आमच्या पाचातल्या चौघांच्या हातात ही गेम २०२७ किंवा २०२८ उजाडल्यावर पडणार. मधल्या काळात शेवट कुणीतरी सांगून टाकणार, व्हिडिओच्या थंबनेलमध्येच, म्हणजे वरच्या चित्रातच, सांगणार. मला माहितीय यात धंदा आहे, एकच माणूस आधी कन्सोलवर घेतो आणि मग पीसीवर पुन्हा घेतो. पण तसं असेल तर तसं सांगा. मी ग्राफिक्स कार्ड बदलायचं थांबवलंय, पैसे बाजूला ठेवलेत, ते कार्डाला घालू का कन्सोलला, एवढं एक वाक्य तुमच्याकडनं हवंय. गरिबाच्या पोरांनी तुमची गेम मोठी केली असं मी म्हणणार नाही, आम्ही तेव्हा पैसे दिले नव्हते. पण आज देतोय.

किमतीचंही तेच. नवीन पीएस५ गेम इथं ४,९९९ ला असते. अमेरिकेत ऐंशी डॉलर की शंभर डॉलर असा वाद महिनोन्‌महिने चाललाय आणि तुम्ही गप्प आहात.

आणि एक गोष्ट, जी बोलताना आमच्यातले काही जण म्हणाले की हे कशाला लिहितोस. ऑक्टोबरच्या शेवटी तुम्ही इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या आणि कॅनडातल्या तीसहून जास्त लोकांना एकदम कामावरनं काढलं. युनियन म्हणते की युनियन बांधत होते म्हणून काढलं, तुम्ही म्हणता गोपनीय माहिती बाहेर बोलले म्हणून काढलं. कोण खरं ते कोर्टात ठरेल, मी लांब बसून निकाल देणार नाही. पण बरोबर त्याच आठवड्यानंतर तारीख पुढं गेली. रेड डेडच्या वेळी आठवड्याला शंभर तास काम केल्याचं तुमचे तेव्हाचे मुख्य लेखक डॅन हाउसर बोलून गेले होते, नंतर ते फक्त लेखकांच्या छोट्या टीमबद्दल होतं असं सांगितलं गेलं, पण मग इतरही लोकांनी आपापले अनुभव सांगितले. तुमचा एक स्टुडिओ बेंगळुरूला आहे, ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही तिथली कंपनी तुम्ही २०१९ मध्ये विकत घेऊन त्यात मिळवलीत. म्हणजे ते पाम झाड, ती गाडी, त्या भिंतीवरचा उडालेला रंग आपल्याकडच्या कुणीतरी पोराने नाहीतर पोरीने रात्री जागून काढलेला असू शकतो. त्या पोरांना रविवारी घरी जेवता यावं म्हणून जर गेम पुढं गेली असेल ना, तर २०२७ करा, मी एक शब्द बोलणार नाही, उलट ग्रुपवर भांडेन तुमच्या बाजूने. पण तसं आहे का हे सांगणारं कुणी नाही. उशिराने माणसांचा श्वास मोकळा होतोय का तेवढेच महिने अजून पिळले जातायत, हे बाहेरनं कसं कळायचं?

सिल्कसाँग या गेमची उदाहरणं देतात लोक. २०१९ ला जाहीर झाली, यंदा सप्टेंबरमध्ये आली, पोटभर उशीर, आणि आल्यावर सगळे खूश. खरंय. पण ती बनवणारी माणसं मोजकी तीन-चार होती, वीस डॉलरला दिली, आणि त्यांनी तारखा देऊन देऊन पुढं ढकलत नेल्या असंही झालं नाही, तारीख दिली ती आधी दोन आठवडे आणि त्या दिवशी गेम आली. दुसऱ्या टोकाला ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर ही गेम आहे, १९९७ ला जाहीर, २०११ ला आली, आणि ती शेवटी बाजारात आणणारी कंपनी टेक-टूच्याच घरातली. चौदा वर्षांचा उशीर झाला म्हणून कुणी ती गोड मानून घेतली नाही. नुसत्या उशिरावरनं काहीच कळत नाही, ना चांगलं ना वाईट, म्हणूनच मी तारीख सोडून बाकीचं मागतोय.

एक मिशन दाखवा. पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न कापता, खाली बटणं दिसतायत, मिनी मॅप दिसतोय, खेळणारा एखाद वेळी चुकतोय, असं. पंधरा मिनिटं पुरे. साध्या सिरीज एस वर. पीसीबद्दल एक ओळ. रुपयातली किंमत. आणि गोष्टीला पुढं भाग येणार का, त्याचं हो किंवा नाही. यातलं काहीही न दाखवता प्री-ऑर्डर उघडलीत तर आमच्या ग्रुपमधनं एकही पैसा आधी येणार नाही, पाचही जणांनी तसं ठरवलंय, अम्यासुद्धा. गेम बाहेर पडली, लोकांनी खेळून सांगितलं, की मग पहिल्याच आठवड्यात घेऊ, पूर्ण किमतीला घेऊ.

१९ नोव्हेंबर २०२६ गुरुवार आहे, दिवाळी होऊन दहाएक दिवस झालेले असतील. कॅफे राहिला नाही, तिथं आता मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. आम्ही ठरवलंय की अम्याने पीएस५ सांगलीला घेऊन यायचा, माझ्या घरी हॉलमध्ये टीव्हीला जोडायचा, आणि पहिला तास कंट्रोलर आळीपाळीने. सच्याला नोव्हेंबरची रजा हवी असेल तर ऑगस्टमध्ये अर्ज टाकावा लागतो आणि या वेळी तो बदलून मिळणार नाही, साहेबाने तसं तोंडावर सांगितलंय. मस्कत-मुंबईचं तिकीटही तेव्हाच काढलं तर परवडतं.

तारीख परत हलणार असेल तर जुलैपर्यंत सांगा.

तुमचा,
सांगलीतला एक जुना खेळाडू
(हेलिकॉप्टरच्या मिशनमध्ये नंबरपॅडवाला)